मानसोपचार चालू असताना आत्महत्येचा धोका : कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनोविकार विभागात डॉक्टरांसमोर बसल्यावर लोक झोप, भूक, गोळ्या यांबद्दल बोलतात. खरा प्रश्न निघतो तो बाहेर पडल्यावर, चपला घालता घालता, समाजसेविकेच्या टेबलाशी थांबून, आवाज खाली आणून. मी त्या टेबलामागे बसते. रायगडपासून सावंतवाडीपर्यंतच्या घरांतून असे जे प्रश्न येतात, त्यांतले वारंवार येणारे इथे घेतले आहेत.

हे वाचताना तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरातलं कुणी आत्ता धोक्यात असेल, तर पुढचं वाचत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा नंबर १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. इजा झाली असेल तर १०८, आणि परिस्थिती हाताबाहेर जात असेल तर ११२. मदत येईपर्यंत त्या माणसाला एकटं सोडू नका.

गोळ्या वेळेवर चालू आहेत, डॉक्टरही चांगले आहेत. तरी मरणाचे विचार येतातच कसे?

मानसोपचार घेणाऱ्या लोकांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे ऐकलं की नातेवाईक उपचारांनाच दोष देतात. पण ज्यांचा आजार जड असतो तेच दवाखान्यापर्यंत पोचतात, म्हणून तिथे धोका जास्त दिसतो. तीव्र नैराश्य, बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार पडतं तो आजार), स्किझोफ्रेनिया (भ्रम होतात, कानात आवाज येतात तो आजार) आणि दारूचं व्यसन या चारही आजारांत मरणाचा विचार हा आजाराचाच भाग असू शकतो. औषध लागू पडायला वेळ लागतो आणि तोवर तो विचार तिथेच असतो.

स्किझोफ्रेनियाबद्दल लोकांना वाटतं की माणूस भ्रमात असतानाच धोका असतो. कानात येणारे आवाज ‘मर’ म्हणून हुकूम सोडत असतील तर धोका असतोच. पण दुसरी एक वेळ सहज नजरेतून सुटते. औषधाने आवाज थांबतात, मन थाऱ्यावर येतं आणि मग तो तरुण मुलगा मागे वळून बघतो. कॉलेज सुटलं, मुंबईतली नोकरी गेली, मित्र फोन उचलत नाहीत. घरातले म्हणत असतात, ‘बरा झाला, देव पावला’, आणि नेमकं तेव्हाच त्याला काय काय गेलं ते कळत असतं.

उपचार सुरू झाले की घरचं लक्ष सैल पडतं, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. आजारी माणूस डॉक्टरच्या हाती दिला, आता आपण सुटलो, असं होतं. पुढची बरीचशी उत्तरं याच तक्रारीतून आली आहेत.

एक गोष्ट मात्र इथेच सांगते. मरणाचे विचार येणारे बहुतेक लोक त्यातून बाहेर येतात. हे विचार चढतात तसे उतरतातही. ते चढलेले असतानाचे काही तास आणि काही दिवस निभावून नेणं, यावर सगळी धडपड असते.

सगळ्यात धोक्याचा काळ कोणता?

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा. पहिला आठवडा सर्वांत नाजूक, आणि त्यानंतरचे तीन महिनेही जपण्याचे. हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ब्रिटनमध्ये म्हणूनच रुग्ण घरी गेल्यावर ७२ तासांच्या आत कुणीतरी त्याला भेटावं किंवा त्याच्याशी बोलावं, असा दंडक आहे.

असं का होतं? वॉर्डात वेळापत्रक असतं, रात्री नर्स फेरी मारते, आजूबाजूला आपल्यासारखेच चार जण असतात. घरी आल्यावर तेच कर्ज, तोच भावकीतला वाद, तीच रिकामी दुपार. त्यात शेजारपाजारचे ‘आता बरा ना?’ विचारायला येतात.

याशिवाय औषध बदललं, डॉक्टर बदलले, गोळ्या मनानेच बंद केल्या, आजार उलटला, या वेळाही तितक्याच सांभाळायच्या. आपल्याकडच्या दोन-तीन वेळा मी माझ्याकडून जोडते. ही आकडेवारी नाही, टेबलावर बसून दिसलेलं आहे. गणपती जातात, चाकरमानी मुंबईला परततात, पंधरा माणसांनी भरलेल्या घरात पुन्हा दोघंच उरतात, तो आठवडा. जून-जुलैची मासेमारी बंदी, जेव्हा खलाशाच्या हाताला काम नसतं आणि दारूला वेळ असतो. आणि आंब्याचा हंगाम बुडाल्यावर व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल फेडायची येते तेव्हा.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं?

सुरुवात रुग्णालय सोडण्याआधीच करा. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या भेटीची तारीख आहे का ते बघा. ‘पंधरा दिवसांनी या’ असं मोघम लिहिलं असेल तर वार आणि तारीख लिहून मागा, आणि जमलं तर पहिल्या आठवड्यातलीच मागा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या कलम ९८ मध्ये घरी सोडण्याआधी पुढच्या उपचारांचं नियोजन रुग्णाशी आणि कुटुंबाशी बोलून ठरवायचं आहे. त्यामुळे हे मागताना मिंधं वाटून घेऊ नका.

प्रवासाचा विचार तिथेच करा. पावसात घाट बंद पडला किंवा वस्तीची एसटी आली नाही तर काय करायचं? विभागाचा फोन नंबर घ्या. फोनवर डॉक्टरांशी बोलून तेवढे दिवस निभावता येतात का, ते विचारून ठेवा. टेलिमानसवरूनही गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात.

घरी आल्यावर गोळ्या कोण देणार ते एका माणसावर ठरवा. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणीच करत नाही. झोप बघा, कारण चार रात्री सलग झोप नाही ही बातमी डॉक्टरांना कळवण्यासारखी आहे. रात्री त्याच खोलीत कुणीतरी झोपा. पाहुण्यांना थोडं थोपवा. माणूस बरा होऊन आला म्हणून लगेच सत्यनारायण घालून गाव जेवायला बोलावण्याची घाई करू नका. पूजा महिन्याने केली तरी देव रागावणार नाही.

आणि फोन. मुंबईच्या भावाने रोज संध्याकाळी दोन मिनिटं फोन करायचा, एवढं ठरलं तरी पुष्कळ. फोनच्या दोन मिनिटांनी काय होणार, असं वाटत असेल तर पुढे चेन्नईची गोष्ट आहे ती वाचा.

‘मरावंसं वाटतं का?’ असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरवून देऊ का?

नाही. यावर शाळकरी मुलांपासून रुग्णांपर्यंत अभ्यास झाले आहेत आणि विचारल्यामुळे धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. बऱ्याचदा माणूस मोकळा होतो. इतके दिवस एकट्याने धरून ठेवलेलं ओझं कुणीतरी ओळखलं, एवढ्यानेच.

विचारायचं कसं, हा खरा अडसर. घरातल्या वडीलधाऱ्यांना असलं विचारायची आपल्याकडे रीत नाही. सून सासऱ्याला विचारू शकत नाही, मुलगा बापासमोर गप्प होतो. मग ज्याचं त्या माणसाशी जमतं त्याने विचारावं. धाकटी बहीण असेल, मावसभाऊ असेल, कधी बरोबरीचा बागायतदार. ‘आबा, तुम्ही बरेच दिवस गप्प गप्प आहात. एवढं नकोसं झालंय का की जीवच द्यावा असं मनात येतं?’ असं साध्या शब्दांत. पाठोपाठ, ‘काही ठरवलंय का?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, वेळ किंवा साधन ठरलेलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर टाकू नका.

‘वेड्यासारखं बोलू नकोस’, ‘पोरांचा विचार कर’, ‘लोकांना बघ कसली कसली दुःखं असतात’ ही तीन वाक्यं मात्र गिळा. त्यांनी तोंड बंद होतं, विचार बंद होत नाहीत.

बोलण्यातून, वागण्यातून कसं ओळखायचं?

मालवणी मुलखात कुणी सरळ ‘आत्महत्या’ म्हणत नाही. ‘कंटाळो इलो आता’, ‘देवान उचलल्यान तर बरा’, ‘तुमका माझो तरास नको’. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी हे नेहमीचंच म्हणून आपण सोडून देतो. पण नैराश्याचे उपचार चालू असलेल्या माणसाने, त्यातही ‘माझा तुम्हाला भार झालाय’ या अर्थाचं काही म्हटलं, तर ते कानाआड करू नका.

वागण्यात बघायचं ते असं. आवडत्या वस्तू वाटून टाकणं. अचानक कागदपत्रांची, बँकेच्या पासबुकाची आवराआवर. निरोप घेतल्यासारखे फोन. औषधं न घेता साठवून ठेवणं. दारू एकाएकी वाढणं. आणि कित्येक दिवसांच्या तगमगीनंतर काही कारण नसताना एकदम शांत, हलकं होणं. ती सुधारणा असेलही, पण तशी ती मानून न घेता विचारून बघा.

यातलं काहीही न दिसताही घात होऊ शकतो. कुणाच्या मनातलं शंभर टक्के ओळखायचं यंत्र डॉक्टरांकडेही नाही. म्हणून फक्त लक्षणांवर न विसंबता पुढच्या दोन गोष्टी आधीच करून ठेवाव्या लागतात.

सुरक्षा आराखडा म्हणतात तो काय असतो?

बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन संशोधकांनी ही पद्धत बसवली. विचार चढू लागले की क्रमाने काय करायचं, हे रुग्णाने बरा असताना आपल्या शब्दांत लिहून ठेवायचं. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत आणीबाणीच्या विभागात आलेल्या लोकांना हा आराखडा करून दिला आणि नंतर फोनवरून पाठपुरावा केला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या लोकांमध्ये पुढच्या सहा महिन्यांतली आत्मघाती कृत्यं सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसली.

किनाऱ्यावरच्या एका खलाशाने केलेला आराखडा सांगते, ओळख पटू नये इतका बदलून. कालनिर्णयच्या पानाच्या मागे बॉलपेनने लिहिलेला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला.

‘१. रात्री दोन वाजता जाग येते आणि मोबाइलवर जुने फोटो बघत बसतो, ही खूण. २. मोबाइल ठेवायचा, तोंडावर पाणी मारायचं, खळ्यात येऊन बसायचं. ३. उजाडल्यावर बंदरावर जाळी शिवायला बसतात तिथे जायचं. तिथे बोलावं लागत नाही. ४. मावशीला फोन. गजाली करूया म्हणायचं. तिला कळतं. ५. दवाखान्याचा नंबर, १४४१६. ६. फवारणीचं सामान भावाच्या घरी, चावी भावाकडे.’

तिसऱ्या ओळीतलं ‘तिथे बोलावं लागत नाही’ हे त्याला स्वतःला सुचलं. आम्ही टेबलावर बसून लिहिलं असतं तर तिथे ‘मित्रांशी मन मोकळं करा’ आलं असतं आणि तो कागद त्याने पुन्हा उघडून बघितला नसता. म्हणून कुणाचा आराखडा उतरवून घेऊ नका. आणि मावशीला आधी विचारा. आपलं नाव त्या कागदावर आहे हे तिला माहीत हवं.

घरात कोणत्या वस्तूंची काळजी घ्यायची?

कीटकनाशकं आणि औषधं, या दोन्हींची सगळ्यात आधी.

‘ज्याला मरायचंय तो काहीतरी शोधणारच’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. ते खरं नाही. तीव्र झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात हाताशी साधन नसेल तर माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. श्रीलंकेने १९९५च्या सुमारास अतिविषारी कीटकनाशकांवर आणि १९९८ मध्ये एंडोसल्फानवर बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. शेती बुडाली नाही.

आपल्याकडे आंबा-काजूची फवारणी म्हटली की उरलेल्या बाटल्या पडवीत, गोठ्याच्या माळ्यावर, नाहीतर न्हाणीघराच्या फळीवर असतात. घरात उपचार घेणारं कुणी असेल तर हे सामान घरात नको. लागेल तेवढंच आणा, उरलेलं शेजाऱ्याकडे किंवा बागेतल्या कुलूपबंद पेटीत ठेवा, आणि चावी कुठे असते हे त्या माणसाला माहीत नसू द्या. उंदराचं औषध, गोचिडाचं औषध हेही यातच आलं.

गोळ्यांचं गणित पावसाळ्यात अवघड होतं. रस्ते बंद होतील म्हणून दोन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवाव्यात, की जास्त गोळ्या घरात नकोत म्हणून आठवड्याच्याच आणाव्यात? माझं उत्तर असं, की साठा असू द्या, पण रुग्णाच्या खोलीत नको. जवळच्या नात्यातल्या घरी किंवा कुलपात ठेवा आणि रोजची गोळी हातात द्या. आशाताई ओळखीच्या असतील तर त्यांची मदत मागा. आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही त्याच कुलपात.

हे सगळं चोरून करू नका. ‘तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, तुझे वाईट दिवस सरेपर्यंत’ असं सांगून करा.

कुणी काही घेतलंच असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. बाटली किंवा पाकीट सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. माणूस ठीक दिसत असला तरी.

आधी एकदा प्रयत्न केलाय. आता सारखा ‘जीव देईन’ म्हणून धमकावतो. नाटक असतं का?

आधी झालेला प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सर्वांत ठळक खूण आहे. तेव्हा नाटक आहे की खरं, हा खल करत बसण्यात अर्थ नाही. लक्ष वेधून घेण्यासाठी करत असेल, तर त्याला लक्ष हवंय एवढं तरी नक्की.

आता चेन्नईची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन या पाच देशांत एक अभ्यास केला. भारतातलं केंद्र चेन्नई होतं. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याबरोबरच तासभर माहितीपर बोलणं झालं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा कुणीतरी फोन करून किंवा घरी जाऊन चौकशी केली. २००८ मध्ये निकाल आला. नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने २.२ टक्के लोक गेले, चौकशी झालेल्या गटात ०.२ टक्के. महागडं यंत्र नाही, नवी गोळी नाही. नऊ वेळा ‘कसं चाललंय?’ विचारणं. हे गावात आपण करू शकतो.

नैराश्याची गोळी सुरू केल्यापासून जास्तच बेचैन आहे. बंद करू का?

स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना आजच कळवा. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. काहींना सुरुवातीला अस्वस्थता, चिडचिड होते, झोप उडते, एका जागी बसवत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी, सुरुवातीच्या काळात आत्महत्येच्या विचारांकडे लक्ष ठेवा, असा ठळक इशारा या गोळ्यांवर छापायला लावला. लक्ष ठेवायला सांगितलंय. औषध टाकून द्यायला सांगितलेलं नाही.

अंगात थोडी ताकद आधी येते आणि मन मागून सुधारतं, असंही होतं. माणूस उठून कामाला लागला म्हणून त्या आठवड्यात पहारा उठवू नका.

लिथियम आणि क्लोझापिनच्या रक्ततपासण्या टाळल्या तर चालेल?

नाही चालणार. बायपोलर आजारात आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणून लिथियमचं नाव आधी घेतलं जातं, आणि स्किझोफ्रेनियात क्लोझापिनचं. क्लोझापिनला तर २००२ मध्ये अमेरिकेत खास याच कारणासाठी मान्यता मिळाली. पण दोन्ही औषधं तपासणीच्या लगामाशिवाय द्यायची नसतात. क्लोझापिनमध्ये पांढऱ्या पेशी मोजतात, लिथियममध्ये रक्तातलं प्रमाण.

लिथियमबद्दल किनाऱ्यावरच्यांनी एवढं ध्यानात ठेवा. मे महिन्याच्या घामात, जुलाब-उलट्यांत किंवा पाणी कमी प्यायल्याने रक्तातलं प्रमाण वाढतं. बीपी आहे म्हणून मीठ एकदम तोडलं, किंवा अंगदुखीला दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी आणून घेतली, तरी वाढतं. हात जास्त थरथरू लागले, बोलणं जड झालं, तोल जाऊ लागला तर लगेच दवाखाना.

शॉक देतात ते क्रूर नाही का?

सिनेमातलं दृश्य विसरा. २०१७च्या कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय शॉक देण्यावर बंदी आहे. नैराश्य अतितीव्र असेल, अन्नपाणी सुटलं असेल, आत्महत्येची शक्यता डोक्यावर असेल, तेव्हा गोळीचा गुण येईपर्यंत थांबता येत नाही आणि हा उपचार लवकर लागू पडतो. काही दिवसांचं विसरायला होतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

दारूचं काय?

उपचार चालू असताना दारू हा उघड धोका आहे. गोळीशी जुळत नाही, मन खाली ओढते आणि हातून काय होतंय यावरचा ताबा काढून घेते. मात्र रोज पिणाऱ्याची दारू घरीच एका दिवसात तोडू नका. झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा.

बाळंतिणीला मानसिक आजाराच्या गोळ्या चालू होत्या, घरच्यांनी बंद केल्या. योग्य केलं का?

बाळाच्या काळजीपोटी केलं, पण धोक्याचं केलं. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे आजार उलटण्याचे असतात, विशेषतः बायपोलर असलेल्या बाईमध्ये. दूध पाजताना चालणारी औषधं आहेत, ती डॉक्टर निवडून देतात. माहेरी आलेली लेक सतत रडते, बाळाकडे बघत नाही, ‘मी नसले तर बाळाचं बरं होईल’ म्हणते, तर शेक-शेगडी आणि अळिवाचे लाडू चालू राहू देत, पण त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

आमच्याकडे म्हणतात बाहेरची बाधा आहे. देवाला कौल लावला तर उपचारांत अडथळा येईल का?

गाऱ्हाणं घाला, कौल लावा, नवस बोला. मी कुणाच्या देवाच्या आड येत नाही. घरच्यांना त्याने धीर येत असेल तर तो रुग्णालाही पोचतो. माझ्या दोनच अटी आहेत. गोळी चुकता कामा नये, आणि अंगाला हात लागता कामा नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ‘औषध बंद केल्याशिवाय गुण येणार नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या दारातून परत फिरा.

प्रयत्न झाला तर पोलीस केस होते, म्हणून रुग्णालयात न्यायला भीती वाटते.

या भीतीने वेळ दवडू नका. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो, तेवढी नोंद होते. पण २०१७च्या कायद्यातलं कलम ११५ सांगतं, की वेगळं काही सिद्ध होत नाही तोवर असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. उलट त्याला उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं वेगळं कलम आहे, आजारी माणसाचा त्याच्याशी संबंध नाही.

तो दाखल व्हायला तयार नाही. जबरदस्ती करता येते का?

धोका खरा असेल तर कायद्यात वाट आहे. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाने, अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांनी, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासायचं, आणि मग कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. पण आधी समजावून बघा. माणूस संध्याकाळी ‘नाही’ म्हणतो आणि सकाळी चहा घेताना ‘चला’ म्हणतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. रात्र मात्र जागून काढावी लागते.

जायचं कुठे?

रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या लोकांना गोव्यातलं बांबोळीचं मानसोपचार रुग्णालय जवळ पडतं. कुठेही जा, पण मध्येच ठिकाण बदललंत तर जुने कागद सोबत न्या.

मी स्वतः रुग्ण आहे. घरच्यांना सांगितलं तर ते घाबरतील, म्हणून गप्प आहे.

घाबरतील, हे खरं. पण आत्ताही ते अंदाज बांधून घाबरतच असतात. सगळं सांगायची गरज नाही. ‘आज मला एकटं ठेवू नका’ एवढं एकच वाक्य पुरतं. घरी शक्य नसेल तर मोबाइलवर लिहून मित्राला पाठवा, किंवा १४४१६ लावा. तिथे नाव-गाव विचारून तुम्हाला कुणी अडवणार नाही. डॉक्टरांसमोर सांगायला जीभ रेटत नसेल तर कागदावर लिहून त्यांच्या पुढ्यात सरकवा. आम्हाला असे घडी घातलेले कागद येतात आणि आम्ही ते नीट वाचतो.

घरी हे घडून गेलंय. आता काय?

आधी दोष द्यायचं थांबवा, स्वतःलाही आणि सुनेलाही. आपल्याकडे बाराव्याच्या आत कुणाचं तरी नाव पुढे येतं, आणि बहुधा ते त्या घरातल्या बाईचं असतं. मुलांना खोटं सांगू नका, कारण शाळेत त्यांना दुसऱ्याकडून कळेल. ‘बाबांना मनाचा मोठा आजार होता, त्यात ते गेले, तुझ्यामुळे नाही’ असं त्यांच्या वयाला समजेल तसं सांगा. मागे राहिलेल्यांवर लक्ष ठेवा, विशेषतः ज्यांना आधीपासून मानसिक त्रास आहे त्यांच्यावर. दिवसकार्य आटोपून माणसं पांगली की फोन करणाऱ्यांची यादी करा.

खर्चाचं काय? आरोग्य विम्यात मानसिक आजार बसतो का?

बसायला हवा. २०१७च्या कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारही विम्यात धरायचा आहे, आणि २०१८ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तशा सूचना दिल्या. सरकारी रुग्णालयात खर्च तसा कमी येतो, पण खासगीत दाखल व्हायची वेळ आली तर पॉलिसी क्रमांक आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स एकाच पिशवीत ठेवा. कंपनीने नकार दिला तर तो तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे जा, आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे.